खरेदीच्या कागदावरचा ड्रायव्हर

मेहकर, लोणार, मोताळा, जळगाव जामोद. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांपैकी कुठल्याही गावी आपले सरकार सेवा केंद्रात शिरा आणि टेबलावरच्या संगणकाची मागची बाजू पाहा. चार-पाच यूएसबी वायरी तिथे खोचलेल्या असतात. एक प्रिंटरची, एक स्कॅनरची, एक वेबकॅमची, एक अंगठा घेणाऱ्या यंत्राची. ग्रामपंचायतीचा संगणक असेल तर डिजिटल सहीचे टोकनही असते. या वायरींवर जिल्ह्याचा बराच कारभार चालतो. २०१७ च्या कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज, २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेसाठी झालेले आधार प्रमाणीकरण, पीएम किसानची ई-केवायसी, पीक विमा, अलीकडचा शेतकरी ओळख क्रमांक. प्रत्येक वेळी शेतकऱ्याला ‘मी मीच आहे’ हे याच वायरींमधून सिद्ध करावे लागले. ‘मशीन अंगठा नाही घेऊन राहिलं भाऊ,’ हे वाक्य ऐकून किती माणसे एसटीने परत गेली असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही. कापूस वेचून आणि निंदण करून बोटांच्या रेषा झिजतात, हे त्याचे एक मोठे कारण आहे आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटणारे नाही. पण यंत्र आणि संगणक यांचेच एकमेकांशी जमत नाही, हेही एक कारण असते, आणि ते माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून आलेले असते.

आता या संगणकांचे वय झाले आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अटींवर किंवा पैसे भरून मिळणारी मुदतवाढ आहे, पण ती शेवटी मुदतवाढच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. म्हणजे शाळांमधले, ग्रामपंचायतींमधले आणि सेवा केंद्रांमधले जे संगणक २०१७ च्या आधीचे आहेत, ते बहुतेक सगळे या अटीत नापास होतात. त्यांचा पडदा, हार्ड डिस्क, मदरबोर्ड धडधाकट असतो. उबंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची भारतीय बॉस, यांपैकी कुठलीही लिनक्स प्रणाली त्यांच्यावर चांगली चालते. परवान्याचे पैसे लागत नाहीत, आणि बाजारातून ‘विंडोज टाकून’ आणायची, म्हणजे खरे तर परवान्याविना वापरायची, गरजही उरत नाही.

मग लोक लिनक्स का घेत नाहीत? सेवा केंद्र चालवणाऱ्याला विचारा. तो स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान विचारत नाही आणि पडद्यावरची बटणे नवी दिसतील म्हणून घाबरतही नाही. त्याचा प्रश्न एकच असतो: ‘माझं थंब मशीन चालंल का? प्रिंटर चालंल का?’ प्रश्न अगदी रास्त आहे, कारण त्याचे पोट त्या दोन वायरींवर आहे. माझे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर लिनक्सच्या गुणवत्तेत नाही आणि त्या केंद्रचालकाच्या हुशारीतही नाही. ते उपकरण विकत घेतले त्या दिवशीच्या खरेदीच्या कागदावर ठरून गेलेले असते. म्हणून बदलही तिथूनच व्हायला हवा.

हे पटायला यूएसबीच्या पोटात थोडे शिरावे लागते. यूएसबीचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये आले. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलच्या ज्या चमूने ते घडवले त्याच्या अग्रभागी अजय भट्ट होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेला हा अभियंता. घरी प्रिंटर जोडताना कुटुंबाची झालेली ओढाताण त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितली आहे. तोवर कीबोर्डला एक खाच, प्रिंटरला पंचवीस पिनांचे रुंद तोंड, मोडेमला तिसरेच काहीतरी अशी स्थिती होती. नवे काही जोडायचे तर संगणक बंद करावा लागे, कधी पेटीही उघडावी लागे. एकच तोंड, चालू संगणकात जोडता येणारे, आणि जोडल्यावर आपली ओळख आपणच सांगणारे, ही त्या काळात मोठी मजल होती.

त्यातही ओळख सांगण्याची रीत मला सर्वांत मोलाची वाटते. यूएसबीवर उपकरण आपण होऊन कधी बोलत नाही. वर्गात गुरुजी हजेरी घेतात आणि नाव पुकारल्यावरच मूल ‘हजर’ म्हणते, तसे सगळे चालते. संगणक विचारतो, उपकरण उत्तर देते. जोडल्याबरोबर पहिला प्रश्न असतो: तू कोण? उत्तरात दोन क्रमांक येतात, एक कंपनीचा आणि एक त्या मॉडेलचा. आणि सोबत आणखी एक माहिती येते, ती म्हणजे उपकरणाचा वर्ग. कीबोर्ड-माउस एका वर्गात, पेन ड्राइव्ह दुसऱ्यात, प्रिंटर तिसऱ्यात. कॅमेरा, ध्वनी, स्मार्ट कार्ड वाचणारे यंत्र, प्रत्येकाचा वर्ग वेगळा. प्रत्येक वर्गाने कसे बोलायचे याचे नियम छापलेले आहेत आणि ते कोणालाही वाचायला मिळतात. जे उपकरण ‘मी अमुक वर्गातले’ असे सांगते आणि त्या वर्गाच्या नियमांनी वागते, त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या उपकरणाशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, लागतच नाही. चिखलीच्या दुकानातून घेतलेला कुठल्याही अनोळखी कंपनीचा माउस लिनक्समध्ये खोचला की क्षणात चालतो, कारण तो वर्गाच्या नियमाने बोलतो.

पण या यादीच्या शेवटी एक पळवाटही ठेवलेली आहे. ‘माझा वर्ग कंपनीचा स्वतःचा’ असे उपकरण सांगू शकते. एकदा तसे सांगितले की पुढचे संभाषण कोणत्या भाषेत होणार हे फक्त कंपनीला ठाऊक. तोंड तेच, वायर तीच, वीज तीच. पण संगणकाला त्यातले काही कळत नाही. नव्या गोष्टींना वाव मिळावा म्हणून ही सोय ठेवली होती आणि काही ठिकाणी तिची खरोखर गरज असते. मात्र पुष्कळ कंपन्यांनी ती साध्या, जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या कामांसाठी वापरली. ‘हे उपकरण लिनक्सवर चालत नाही’ अशा बहुतेक तक्रारी या पळवाटेपाशी येऊन थांबतात.

वेबकॅमचे उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षे प्रत्येक वेबकॅम आपल्या खासगी भाषेत बोलत असे. मिशेल झार्ड नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने, दवाखाना सांभाळून, दोनशेहून अधिक वेबकॅम लिनक्सवर चालवून दाखवले. कंपन्यांनी माहिती दिली तिथे ती वापरून, नाही दिली तिथे वायरीतून जाणारे बाइट पाहून आणि अर्थ लावून. हे काम किती चिकाटीचे आहे याची कल्पना ज्याने एकदा तरी असा एखादा अर्थ लावायचा प्रयत्न केला आहे त्यालाच येईल. त्याच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पुढे कॅमेऱ्यांसाठी यूएसबी व्हिडिओ क्लास हे सामाईक प्रमाण रूढ झाले आणि २००८ मध्ये त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आला. त्यानंतर आलेले बहुतेक सगळे वेबकॅम त्या एका ड्रायव्हरवर चालतात. कोविडच्या काळात गावोगावच्या शिक्षकांनी स्वस्तातले कॅमेरे घेतले आणि कोणाला ड्रायव्हर शोधावा लागला नाही, त्याचे कारण हे. एका माणसाच्या अनेक वर्षांच्या मेहनतीने जे अर्धेमुर्धे साधले ते एका सामाईक नियमाने पुरते साधले. स्वयंसेवकांच्या त्यागावर आपण संगणकाचा कारभार उभारू शकत नाही. नियमावर उभारू शकतो.

दुसरी गोष्ट डोंगलची. २०१० च्या आसपास खामगाव-मलकापूरकडे घरी इंटरनेट यायचे ते टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट किंवा बीएसएनएलच्या डोंगलने. ते लिनक्समध्ये खोचले की मोडेम दिसायचाच नाही, दिसायची एक सीडी. कारण ते डोंगल आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घ्यायचे, त्यातून विंडोजचा ड्रायव्हर बसवायचे, आणि मग एक ठरावीक संदेश मिळाल्यावर रूप बदलून मोडेम व्हायचे. विंडोजवाल्याची सोय झाली. बाकीच्यांना मात्र आपले डोंगल बिघडलेलेच वाटले. शेवटी तो संदेश शोधून पाठवणारा यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम लिहिला गेला आणि उबंटू-मिंटसारख्या लिनक्सच्या वितरणांमध्ये तो आधीपासूनच घातलेला येऊ लागला. इथे कंपनीने काही लपवायचे म्हणून लपवले असे मी म्हणणार नाही. तिने फक्त एकाच प्रणालीचा विचार केला. पण त्या एकांगी विचाराची किंमत ज्याच्याजवळ दुसरी प्रणाली होती त्याने मोजली.

प्रिंटरपाशी जरा जास्त थांबावे लागेल. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली तीच मुळी प्रिंटरपायी. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी करून ठेवली होती. नव्याचा प्रोग्राम मात्र मिळेना, आणि ज्या संशोधकाकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही ठेच होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण खुल्या प्रणालीचा विषय निघाला की आपण पडदा, खिडक्या, ऑफिसचे पर्याय यांवर बोलत बसतो. मूळ दुखणे यंत्राला जोडलेल्या यंत्राचे होते आणि अजून तेच आहे.

आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलांवर आणि सेवा केंद्रांत कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेसर प्रिंटर गेली कित्येक वर्षे ठाण मांडून आहे. यंत्र म्हणून तो गुणी आहे: टोनर भरून भरून वर्षानुवर्षे चालतो, आणि दुरुस्त करणारे प्रत्येक तालुक्याला मिळतात. पण पानाचे चित्र तो स्वतः बनवत नाही. ते संगणकाने बनवून कॅप्ट नावाच्या कंपनीच्या खासगी भाषेत त्याला द्यावे लागते. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण त्याच्यातले महत्त्वाचे भाग बंद आणि जुन्या ३२-बिट घडणीचे. तो बसवताना हाताने एक सेवा चालू करावी लागते, आणि प्रणाली अद्ययावत झाली की कधी कधी सगळे पुन्हा मांडावे लागते. भाषा उलगडून स्वयंसेवकांनी लिहिलेला दुसरा ड्रायव्हरही आहे. ज्याला हे जमते त्याचे चालते. देऊळगाव राजाच्या एखाद्या केंद्रचालकाने दारात रांग उभी असताना हे करावे, अशी अपेक्षा मात्र मी ठेवू शकत नाही. याउलट पतसंस्थांच्या काउंटरवर पासबुके छापणारे जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पाहा. त्यांतले बरेचसे एप्सनची ईएससी-पी ही जाहीर आज्ञावली समजतात. म्हणून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बनावटीचे यंत्र आजच्या लिनक्सवर विनातक्रार अक्षरे उमटवते. जुनेपणाने यंत्र निकामी होत नाही. त्याची भाषा कोणालाच येईनाशी झाली की होते.

प्रिंटरच्या बाबतीत सुटका झाली ती एका अनपेक्षित दिशेने. मोबाइल फोनमध्ये प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर टाकणे शक्य नव्हते. २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणले, मग अँड्रॉइडसाठीही तशी सोय झाली, आणि प्रिंटर कंपन्यांना इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल या सामाईक भाषेत बोलणारी यंत्रे बनवावीच लागली. तीच भाषा यूएसबीच्या वायरीतूनही बोलता येते. लिनक्समध्ये छपाईचे काम सांभाळणारी कप्स ही प्रणाली असे प्रिंटर ड्रायव्हरविना ओळखते. आता तर मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केले की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने बंद होईल. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे थोडे, म्हणून आमच्याकडे लक्ष कोण देणार, अशी निराशा मी पुष्कळ ऐकली आहे. प्रिंटरची ही वाटचाल तिला उत्तर देते. कंपन्या वापरणाऱ्यांच्या विनवण्यांनी बदलल्या नाहीत, ज्या ग्राहकाला नाही म्हणता येत नव्हते त्याने अट घातली तेव्हा बदलल्या. आपल्या जिल्ह्यात तसा ग्राहक कोण, ते पुढे सांगतो.

त्याआधी लिनक्सची बाजूही तपासायला हवी. ‘लिनक्सला यूएसबी नीट येत नाही’ हा समज चुकीचा आहे. यूएसबी ३.० चा आधार सर्वांत आधी लिनक्समध्ये आला, सप्टेंबर २००९ च्या कर्नेलमध्ये. विंडोजला तो स्वतःचा म्हणून २०१२ मध्ये, आठव्या आवृत्तीत मिळाला. २००७ मध्ये कर्नेलच्या यूएसबी विभागाचे काम पाहणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना उघड निमंत्रण दिले की उपकरणाची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, आणि गुप्ततेचा करार हवा असेल तर तोही करतो. काम करायला प्रोग्रामर गरजेपेक्षा जास्त पुढे आले. उपकरणे घेऊन येणाऱ्या कंपन्याच कमी पडल्या.

पण लिनक्सच्या स्वतःच्या चुकाही आहेत, आणि त्या झाकून उपयोग नाही. शेगाव किंवा चिखलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी स्वस्तातले अर्दुइनो बोर्ड उबंटूला जोडतो तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते, ते पाहा. बोर्डावर सीएच३४० ही चिनी चिप असते. कर्नेल तिला ओळखते, ड्रायव्हर आपोआप जोडला जातो, आणि तरी पोर्ट उघडत नाही. कारण साध्या वापरकर्त्याला सिरियल पोर्ट वापरायची परवानगी नसते. त्याला ‘डायलआउट’ गटात घालावे लागते, आणि हे त्याला पडद्यावर कोणी सांगत नाही. उबंटू २२.०४ मध्ये आणखी एक घोटाळा झाला. अंधांसाठीचे ब्रेल फलक सांभाळणारा प्रोग्राम ही चिप दिसताच तिला ब्रेल फलक समजून ताब्यात घेई, कारण काही फलकांत तीच चिप, तोच ओळख-क्रमांक असतो. अंध वापरकर्त्याचा फलक आपोआप चालू व्हावा ही इच्छा योग्यच. पण त्यापायी एका विद्यार्थ्याची अख्खी दुपार ‘डिव्हाइस डिटेक्ट होत नाही’ म्हणत वाया जाते. पेन ड्राइव्हचेही असेच. फाइल उतरल्याची पट्टी पूर्ण भरलेली दिसते, प्रत्यक्षात माहिती अजून मेमरीतून ड्राइव्हवर जात असते, आणि घाईने ओढून काढला की लग्नाचे फोटो अर्धे राहतात. चुका आहेत, पण त्या उघड्यावर आहेत. कोणीही वाचू शकतो, दुरुस्त करू शकतो, आणि झाल्याही आहेत. बंद ड्रायव्हरमधली चूक कंपनीच्या मर्जीवर असते.

ती मर्जी कुठवर जाऊ शकते, हे ऑक्टोबर २०१४ मध्ये दिसले. यूएसबी-सिरियल चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघर पोहोचला. समोरची चिप नक्कल आहे असे आढळले की तो तिचा मॉडेल-क्रमांक शून्य करून टाकी, आणि ती पुढे कुठल्याच संगणकावर ओळखली जात नसे. नकली माल विकणे हा गुन्हा आहे, यात वाद नाही. पण शिक्षा झाली ती विकणाऱ्याला नाही. ज्याला आपल्या यंत्रात कोणती चिप आहे हे माहीतच नव्हते, त्याला झाली. टीकेनंतर कंपनीने ते मागे घेतले.

उलट उदाहरण एक्सफॅटचे. ६४ जीबीची मेमरी कार्डे बाजारात आली ती फाइली साठवण्याच्या या पद्धतीने आखलेली, आणि ती पद्धत मायक्रोसॉफ्टच्या मालकीची. गावोगावच्या फोटोग्राफरांची कार्डे लिनक्समध्ये उघडायला वेगळी खटपट करावी लागे. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे प्रमाण प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या कर्नेलमध्ये तिचा आधार होता. जो अडथळा दहा वर्षे होता तो माहिती मिळाल्यावर तीन महिन्यांत हटला.

आता सर्वांत अवघड उपकरणाकडे वळतो, ते म्हणजे अंगठ्याचे यंत्र. मंत्रा किंवा मॉर्फोची ही यंत्रे आधारसाठी ‘नोंदणीकृत’ असावी लागतात. त्यांच्याबरोबर आरडी सर्व्हिस नावाचे सॉफ्टवेअर चालते. ते ठसा घेते, सांकेतिक करते, त्यावर सही करते आणि मग पुढे पाठवते. हे सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते. ‘लिनक्स टाकू का?’ या प्रश्नाला सेवा केंद्रातून नकार येतो तो बहुतेक वेळा इथूनच. यावर नेहमीचे समर्थन असे की हे सुरक्षेचे काम आहे, ते खुले कसे करणार?

हे समर्थन मी हलके मानत नाही. अंगठा चोरीला गेला तर पासवर्डसारखा बदलता येत नाही. पण सुरक्षा कशात आहे ते नीट पाहिले पाहिजे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलेले तत्त्व आजही सगळे सांकेतिक शास्त्र मानते: किल्ली गुप्त असावी, पद्धत शत्रूला कळली तरी बिघडता कामा नये. आणि आधारच्या यंत्रांची प्रगती त्याच दिशेने झाली आहे. २०१७ पासून आलेल्या पहिल्या प्रतीच्या, म्हणजे एल-शून्य यंत्रांमध्ये ठसा सांकेतिक करण्याचे काम संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये होत असे. तेव्हा ‘कोणत्या प्रणालीवर?’ हा प्रश्न सुरक्षेचा होता, हे मान्य. नंतरच्या एल-एक यंत्रांमध्ये ते काम यंत्राच्या आत, वेगळ्या सुरक्षित भागात होते. म्हणजे वायरीतून बाहेर येतो तो आधीच कुलूपबंद झालेला मजकूर. तो विंडोजमधून गेला काय आणि लिनक्समधून गेला काय, किल्ली कोणाच्याच हाती लागत नाही. शिवाय संकेतस्थळाशी आरडी सर्व्हिस बोलते ती त्याच संगणकावरच्या साध्या एचटीटीपी पोर्टवरून, जे कुठल्याही प्रणालीत असते. ज्या सुधारणेमुळे यंत्र अधिक सुरक्षित झाले त्याच सुधारणेमुळे त्याला एका प्रणालीला बांधून ठेवण्याचे कारण क्षीण झाले. आता उरते ते फक्त व्यवसायाचे कारण: मागणी नाही, म्हणून बनवत नाही.

डिजिटल सहीच्या टोकनाने दाखवून दिले आहे की हे होऊ शकते. एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज हे पंचायतींचे संकेतस्थळ सुरू झाले. वित्त आयोगाच्या निधीतून एखाद्या गटारीचे बिल द्यायचे तरी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची टोकने यूएसबीत खोचावी लागतात. खूप खपलेल्या टोकनांपैकी ई-पास २००३ हे ओपनएससी या खुल्या सॉफ्टवेअरवर चालते. किल्ली टोकनाच्या आतच राहते, पद्धत सर्वांना माहीत आहे, आणि सहीचे कायदेशीर वजन तिळभरही कमी होत नाही. अडचण होते ती त्यापुढे, सही करून घेणारी छोटी उपयोजने बहुतेकदा एकाच प्रणालीसाठी लिहिलेली असतात तिथे. ती कोण लिहून घेतो? सरकारच.

म्हणजे ज्या ग्राहकाला कंपन्या नाही म्हणू शकत नाहीत तो आपल्याकडे शासन आहे. धोरणाची कमतरता नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे. दोन्ही कागद चांगले आहेत. पण जिल्हा परिषदेची, पंचायत समितीची किंवा शाळेची खरेदी होते तेव्हा निविदेत प्रिंटरचा वेग, पाने, हमी आणि दर असतात. तो कोणत्या वर्गाच्या नियमाने बोलतो हे नसते. केरळने काम उलट्या बाजूने केले. शाळांमध्ये ग्नू-लिनक्स हे आधी ठरले, आणि काइट या संस्थेमार्फत ४५ हजार वर्गखोल्या डिजिटल झाल्या तेव्हा त्यात आलेली यंत्रे त्या प्रणालीवर चालायची होती. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीने खेड्यापाड्यात संगणक नेला, हे त्याचे मोठे काम आहे. पण सुरुवातीची अनेक वर्षे तो विंडोज आणि ऑफिसभोवतीच फिरला, आणि संगणक म्हणजे विंडोज हे एका पिढीच्या मनात बसले. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. तालुक्याच्या आयटीआयपर्यंत ते जाणीवपूर्वक पोहोचवायला हवेत.

‘पण आमच्या गावात लिनक्स दुरुस्त करणारा कोण?’ हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. मोताळ्याहून बुलढाण्याला राजूर घाट चढून सीपीयू घेऊन जायचा, ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायचे आणि दोन दिवस काम बंद ठेवायचे, हा आजचा शिरस्ता आहे. ड्रायव्हरची सीडी हरवली, कंपनीने जुने मॉडेल सोडून दिले, नव्या विंडोजवर जुना स्कॅनर लागेना, अशा कारणांसाठीच त्यातल्या बऱ्याच खेपा होतात. सामाईक वर्गाचे उपकरण असेल तर ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो, तो हरवत नाही आणि बसवावाही लागत नाही. तंत्रज्ञ जवळ नसलेल्या गावाला असे उपकरण पुण्या-मुंबईपेक्षा जास्त हवे.

निविदेत घालायच्या अटी लांबलचक नाहीत. उपकरण त्याच्या यूएसबी वर्गाच्या प्रमाणानुसार चालावे. तसा वर्ग नसेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये असावा किंवा त्याचा मूळ प्रोग्राम खरेदीदाराला मिळावा. आधारच्या यंत्रांसाठी आरडी सर्व्हिस लिनक्सवर द्यावी, ही अट आधार प्राधिकरणाने नोंदणीच्या वेळीच घालावी, कारण ते एका जिल्ह्याच्या हातातले नाही. आणि बिल देण्यापूर्वी उपकरण पेन ड्राइव्हवरून चालू केलेल्या लिनक्सवर, इंटरनेटशिवाय, खरेदीदाराच्या समोर चालवून दाखवावे. या शेवटच्या चाचणीला काही मिनिटे पुरतात. ती दुकानातून प्रिंटर घेणारा खासगी केंद्रचालकही करू शकतो.

जिल्ह्याला स्वतःच्या बळावर करता येण्याजोगे एक काम मात्र निविदेची वाट पाहत थांबायला नको. शेगाव आणि चिखलीला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात. सेवा केंद्रे, ग्रामपंचायती आणि शाळा यांच्याकडे आज प्रत्यक्ष वापरात असलेली उपकरणे त्यांनी एकेक करून तपासावीत आणि मराठीत यादी करावी. नोंदीत उपकरणाचे मॉडेल, एलएस-यूएसबी ही आज्ञा दाखवते तो ओळख-क्रमांक, वर्ग, कोणत्या वितरणाच्या कोणत्या आवृत्तीवर तपासले, वेगळे काही करावे लागले का, आणि लागले तर नेमके काय, एवढे असावे. चालले नाही तर तसे स्पष्ट लिहावे, आणि उत्पादकाला पत्र पाठवल्याची तारीख खाली घालावी. दरवर्षी खरेदीचा हंगाम येतो तेव्हा जिल्हा परिषदेच्या खरेदी समितीसमोर ही यादी ठेवावी, आणि ज्या मॉडेलसमोर ‘चालले नाही’ अशी नोंद आहे ते का घेतले याचे कारण फाइलवर लिहून मागावे.